पद्मिनी चोरीला जाऊ नये म्हणून: आधी चाक, मग ठिणगी

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातल्या एका भाऊंकडे वडिलांची १९७९ ची प्रीमियर पद्मिनी आहे. दोन वर्षं खर्च करून त्यांनी ती उभी केली, नवा रंग दिला, क्रोम करून घेतलं. पोर्चमध्ये एकच गाडी मावते, तिथे रोजची नवी गाडी असते आणि पद्मिनी कंपाउंडबाहेर गल्लीत कव्हर घालून उभी राहते. मागच्या महिन्यात रात्रीतून तिच्या चारही व्हील कॅप गेल्या आणि ड्रायव्हरकडच्या तिकोनी काचेचं रबर उचकटलेलं दिसलं. ॲक्सेसरीच्या दुकानात त्यांना रिमोटचं सेंट्रल लॉक आणि सायरन सुचवला. तो बसवावा का, की आणखी काही करावं?

भाऊ, आधी एक काम आजच करा. नवी गाडी बाहेर काढा आणि पद्मिनी आत घ्या. तिची लांबी चार मीटरच्या आत आहे, तुमच्या पोर्चमध्ये ती आरामात मावेल. नव्या गाडीच्या चावीत चिप आहे, तिचा पूर्ण विमा आहे, आणि वाईटात वाईट झालं तर तशीच दुसरी शोरूममधून आणता येते. वडिलांची गाडी परत कोणत्या शोरूममधून आणणार? तीस वर्षांहून जास्त काळ मी नागपुरात जुन्या गाड्यांचं वायरिंग आणि इंजिनाचं काम करतो आहे. ज्यांच्या गाड्या गेल्या त्यातल्या बहुतेकांच्या घरी आत जागा होती, पण तिथे नवी गाडी उभी होती. जमलं तर आणखी पुढे जा. पद्मिनी आत, फाटक बंद, आणि फाटकाला चिकटून बाहेर नवी गाडी आडवी. इतकं मजबूत कुलूप बाजारात मिळत नाही आणि याला एक रुपया लागत नाही.

आता त्या व्हील कॅपबद्दल. तुम्ही त्याला किरकोळ चोरी समजला आहात. मला ते तसं वाटत नाही. चार कॅप काढायला आणि काचेच्या रबराशी झटायला कोणीतरी तुमच्या गाडीजवळ दहा मिनिटं तरी बसलं होतं. कोणाच्या घरातला दिवा लागला नाही, कुत्रं भुंकलं नाही, हे त्याला आता माहीत आहे. तो परत येईल असं धरूनच पुढचं सगळं करा.

जुनी गाडी कशी जाते हे नीट समजून घ्या, कारण बहुतेकांच्या डोक्यात चित्र वेगळंच असतं. चोर आत बसतो, वायर डायरेक्ट करतो आणि गाडी घेऊन पळतो, असं कधीकधी होतं. पण सहा महिने उभी असलेली, चोक ओढून तिसऱ्या-चौथ्या सेल्फला उठणारी गाडी रात्री दोन वाजता चालू करायला कोणता चोर धजेल? तो ती ढकलतो. पद्मिनी जेमतेम नऊशे किलोची, चार जण तिला गल्लीच्या टोकापर्यंत सहज नेतात. नाहीतर दोरी किंवा टोइंगचा रॉड लावून ओढतात. आणि हे दिवसाढवळ्याही होतं, कारण जुनी गाडी ओढून नेताना बघून कोणाला नवल वाटत नाही.

माझ्या एका गिऱ्हाइकाची फियाट (पद्मिनीलाही लोक फियाटच म्हणतात) महाल भागातून अशीच गेली. घरचे लग्नाला बाहेरगावी. समोरच्या काकूंनी दुपारी दोन माणसांना गाडी बांधताना पाहिलं, विचारलंसुद्धा, "काऊन नेऊन राहिले बाप्पा गाडी?" ते म्हणाले, गॅरेजला. काकूंना वाटलं खरंच असेल, ती गाडी वर्षातून चारदा गॅरेजलाच जायची. पुढे शहराबाहेर एका ठिकाणी इंजिन, दारं, सीट काढलेला सांगाडा सापडला. नंबर प्लेट नाही, चेसिस नंबरची जागा ग्राइंडरने घासलेली. मला ओळख पटवायला बोलावलं. मी पायाखालची मॅट उचलली. ड्रायव्हरच्या टाचेखाली फ्लोअर सडला होता तेव्हा मीच तिथे पत्र्याचं ठिगळ लावलं होतं, आणि वेल्डिंग पत्रा जाळत होतं म्हणून एक कोपरा पितळेने भरला होता. तो पिवळा कोपरा तिथे तसाच होता. गाडी त्यांचीच, हे त्यावरून ठरलं. परत मिळालं ते मात्र तेवढंच, एक टरफल.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी चाक थांबवायचं, मग ठिणगी, मग दार. आवाज करणाऱ्या वस्तू सगळ्यात शेवटी.

चाकासाठी जॅमर घ्या, ट्रॅफिकवाले लावतात तसला, जाड पत्र्याचा, आणि तो पुढच्या चाकाला लावा. पुढच्याच का? पद्मिनीचं इंजिन मागची चाकं फिरवतं आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना लागतो. गाडी गिअरमध्ये ठेवलीत तरी अडतात ती मागची चाकं. मग क्रेनवाला मागची बाजू उचलतो आणि पुढच्या मोकळ्या चाकांवर गाडी ओढत नेतो. पुढे जॅमर असला की कोणतीही बाजू उचला, दुसरी अडते. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला, भिंतीकडे वळवून ठेवा. पहिला गिअर टाका. हँडब्रेक मात्र आठवडेच्या आठवडे ओढून ठेवू नका. पावसाळ्यात ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून धरतात आणि मग चाक सोडवायला हातोडा घ्यावा लागतो. त्याऐवजी मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी गुटके द्या.

गिअर लॉकच्या मागे लागू नका. बाजारातले गिअर लॉक खाली जमिनीवर गिअर असलेल्या गाड्यांचे, तुमचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे. स्टिअरिंगला आणि क्लचच्या पेडलला अडकवायचा दांडा चालतो. पण जुन्या स्टिअरिंगची कडी बारीक असते, करवतीच्या पात्याने ती कापून दांडा सोडवता येतो. दांड्याचा उपयोग एवढाच की बाहेरून दिसतो आणि चोराला वेळ लागणार हे सांगतो. जॅमर असेल तर हाही लावा, नसेल तर नुसत्या दांड्यावर विसंबू नका.

पोर्चच्या फरशीत काँक्रीट भरून एक जाड कडी बसवता आली तर उत्तम. त्यातून साखळी मागच्या ॲक्सलला घालायची. साखळीवर जुन्या सायकलची ट्यूब चढवा, आणि ॲक्सलवरून जाणारा ब्रेकचा पाइप साखळीखाली दबत नाही ना हे आडवं होऊन स्वतः बघा. हे मी मुद्दाम लिहितो आहे. चोरापासून वाचवलेली गाडी पहिल्याच उतारावर ब्रेक न लागून ठोकलेली मी पाहिली आहे.

आता ठिणगी. इथे तुमची जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा वरचढ आहे, कारण तिचा जीव तुम्ही खिशात घालून घरात नेऊ शकता. डिस्ट्रिब्युटर म्हणजे चारही प्लगांना ठिणगी वाटणारा डबा. त्याच्या कॅपच्या दोन क्लिप सोडा, कॅप उचला, आतला रोटर सरळ वर ओढा. अंगठ्याएवढी वस्तू. ती नसेल तर कॉइलमधून (बॅटरीचा करंट ठिणगीइतका जोरदार करते ती) आलेला करंट कोणत्याच प्लगला पोचत नाही, सेल्फ कितीही मारा. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये उभी गाडी शत्रूच्या हाती चालती लागू नये म्हणून लोक हेच करायचे. गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर रोटर काढाच. डब्यात ठेवा, त्यावर गाडीचा नंबर लिहा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला जागा सांगून ठेवा.

रोज रोज रोटर काढणं होत नाही, म्हणून लपवलेला स्विच. सगळे इलेक्ट्रिशियन तो चावीकडून कॉइलला येणाऱ्या तारेत घालतात. तो वाईट नाही, पण चोराने बॅटरीपासून कॉइलपर्यंत एक तार थेट जोडली की तुमचा स्विच तसाच बाजूला पडतो. मी उलट करतो. कॉइलला दोन टोकं असतात. एकीला चावीकडून करंट येतो, दुसरीतून तार डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटला, म्हणजे उघडमीट करून ठिणगी पाडणाऱ्या पत्त्यांना जाते. जुन्या कॉइलवर त्या टोकाशी सीबी कोरलेलं असतं, नव्यांवर वजाचं चिन्ह. त्या टोकावरून एक तार काढायची, लपवलेल्या स्विचला न्यायची आणि स्विचचं दुसरं टोक बॉडीला अर्थ करायचं. स्विच चालू केला की पॉइंट उघडले काय नि मिटले काय, कॉइलला फरक कळत नाही आणि ठिणगी पडत नाही. चोराने वर कितीही वायर डायरेक्ट केली तरी सेल्फ नुसता फिरत राहतो. त्याला वाटतं गाडीच खराब आहे.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. हा स्विच चालू असताना चावी चालू ठेवायची नाही, कॉइलमधून सतत करंट जातो आणि ती तापून जाते. आणि ती तार फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) जाते तिथे भोकाला रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट हवंच. तार घासून उघडी पडली तर वर्धा रोडच्या पुलावर गाडी अचानक बंद पडेल. तार जुन्याच रंगाची घ्या आणि जुन्या हार्नेसच्या, म्हणजे तारांच्या जुडग्याच्या आतून न्या, चकचकीत लाल तार लगेच डोळ्यात भरते. स्विचसाठी डॅशबोर्डला भोक पाडू देऊ नका. सीटखाली, रेक्झिनमागे, कुठेही जागा निघते. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर ही युक्ती करू नका, तिथे चावीकडून येणाऱ्या तारेतला नेहमीचा स्विच बरा. आणि डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही, त्यामुळे जुन्या डिझेल जीपवाल्यांनी हा भाग सोडून जॅमरवरच भर द्यावा.

तिकोनी काच ही फियाटची जुनी दुखरी जागा. ती बाहेरून कशी उघडते ते इथे लिहीत नाही. पण आपल्याकडच्या उन्हात तिचं रबर तीन-चार वर्षांत दगड होतं, काच खुळखुळते आणि खिटीला धरायला काही राहत नाही. एकदा ती काच फिरली की हात आत, दार उघडं, मग बॉनेट. तुमचं रबर उचकटलेलं आहे, म्हणजे दार जवळजवळ उघडं आहे. दोन्ही बाजूंची रबरं नवी घ्या, काच ज्यावर फिरते त्या खालच्या पिव्होटची स्प्रिंग कसून घ्या, आणि खिटी फिरू नये म्हणून आतून एक छोटा स्क्रू बसवून घ्या. काम तासाभराचं. दारांची कुलपंही बघा. कुलपाच्या झिजलेल्या बॅरलला (चावी जाते तो आतला भाग) कोणतीही झिजकी चावी चालते. चावीवाल्याला घरी बोलावून तुमच्यासमोर पिना बदलून घ्या, गाडी किंवा चावी त्याच्याकडे सोडून येऊ नका.

आता तुमचा खरा प्रश्न, सायरन. माझं मत स्पष्ट आहे, यावर पैसे घालवू नका. मे महिन्यात नागपुरात रात्री प्रत्येक खिडकीत कूलर घरघरत असतो. त्या आवाजात फाटक सरकवलं तरी घरातल्या माणसाला ऐकू येत नाही, सायरन कोण ऐकणार? आणि बसवणारे घाईत तारा कापून टेप गुंडाळतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या तारा उन्हाने आधीच कडक झालेल्या असतात, वाकवल्या की त्यांचं आवरण तडकतं, आणि या गाडीत फ्यूज मोजकेच. चोरीच्या भीतीने बसवलेल्या वस्तूने गाडी जळायला नको.

जीपीएस ट्रॅकर मात्र घ्या, आपलं भौगोलिक स्थानच तसं आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ ने मनसर, देवलापार ओलांडलं की मध्य प्रदेश. सावनेरवरून सौंसरकडे गेलं तरी तेच. ट्रकवर चढवलेली गाडी दोन तासांत दुसऱ्या राज्यात असते. फोर-जी सिमचा आणि आत स्वतःची बॅटरी असलेला ट्रॅकर बघा. तो लावताना नेहमी होणारी चूक सांगतो. लोक बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवतात, चांगलीच गोष्ट आहे, आणि ट्रॅकर त्या स्विचच्या पुढे जोडतात. रात्री स्विच बंद, ट्रॅकरही बंद. त्याची आतली बॅटरी काही तास टिकते, मग तो मुका. ट्रॅकर थेट बॅटरीच्या टोकावरून, स्विचच्या अलीकडून जोडा आणि बॅटरीला लागूनच १ किंवा २ ॲम्पिअरचा फ्यूज द्या. मग बॅटरीकडे लक्ष ठेवायला लागतं. ट्रॅकरने ३० मिलिॲम्पिअर घेतले तर दिवसाला पाऊण ॲम्पिअर-अवर जातात, म्हणजे ३५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी साधारण साडेतीन आठवड्यांत अर्धी. दर पंधरा दिवसांनी गाडी फिरवून आणा किंवा चार्जर लावा.

ट्रॅकर डॅशबोर्डखाली नको, वर सगळा पत्रा असतो आणि उन्हाळ्यात तिथली भट्टी बॅटरी फुगवते. मागच्या सीटच्या पाठीमागे, काचेखालच्या रेक्झिनच्या आत पत्रा नसलेल्या जागी बसवा आणि गाडीला कव्हर घालाच. तुमच्याकडे जुनी ॲम्बॅसेडर किंवा मॉरिस असती तर आणखी एक ताकीद दिली असती. त्यातल्या कित्येकांना बॉडीला अधिक टोक जोडलेलं असतं. तिथे नेहमीसारखी काळी तार बॉडीला लावली की ट्रॅकर त्या क्षणी जातो.

कागदांकडे लोक पाठ फिरवतात आणि मग रडतात. चेसिस आणि इंजिन नंबरवर कागद धरून पेन्सिल घासा, आरटीओत करतात तसा ठसा घ्या आणि आरसी बुकाशी अक्षर अक्षर जुळवा. पद्मिनीत कधीतरी इंजिन बदललेलं असतं आणि बुकात जुनाच नंबर राहतो. तसं असेल तर आधी ते दुरुस्त करा, नाहीतर तुमचं इंजिन पुढ्यात असूनही तुमचं म्हणता येणार नाही. दुसरं, तुमचं बुक हाताने लिहिलेलं असेल तर गाडी आरटीओच्या संगणकातल्या 'वाहन' प्रणालीत चढली आहे का ते तपासा. नसेल तर आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून घ्या. जी गाडी संगणकात नाही, ती चोरीची म्हणून संगणकात दिसणार कशी?

आणि ओळखीच्या खुणा करून ठेवा. माझ्या त्या पितळी कोपऱ्यासारख्या. अक्षरांचा पंच घेऊन बंपरच्या आतल्या बाजूला, ग्रिलच्या मागे, डिकीच्या पत्र्याखाली गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे ठोका. दाराच्या पॅडच्या आत एक कागद प्लास्टिकमध्ये घालून सोडा. सगळ्याचे फोटो काढा, जुनी वेल्डिंगं, वाकलेला ब्रॅकेट, जादा भोक, सगळं. सुंदर फोटो चार लोकांना दाखवायला असतात, पोलिसांना दाखवायला कुरूप जागांचे फोटो लागतात.

विम्याचं एवढंच बघा. नुसत्या थर्ड पार्टीत चोरीची भरपाई नसते. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, म्हणून दुरुस्तीची बिलं, फोटो आणि मूल्यांकनाचा अहवाल घेऊन बसा, एजंट म्हणेल तो आकडा घेऊ नका. एआरएआय (गाड्यांची चाचणी करणारी पुण्याची संस्था) मान्यतेचं चोरीविरोधी उपकरण बसवल्यावर मिळणारी सूट ५०० रुपयांच्या आतच असते, तिच्यासाठी काही विकत घेऊ नका. तुमची गाडी २०२९ मध्ये ५० वर्षांची होईल. तेव्हा २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हीए अक्षरांच्या नंबर मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल, फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पण मग ती रोजच्या वापरात नेता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांना. नातवंडांना संध्याकाळी फुटाळा तलावावर चक्कर मारायची असेल तर घाई करू नका.

आणखी एक. रंग नवा झाला की प्री-वेडिंगवाले फोटोग्राफर विचारायला येतात. गाडी द्यायची तर द्या, पण घरासमोर फोटो काढू देऊ नका, नंबर प्लेट झाकायला सांगा, आणि रोटरचा, स्विचचा विषय कोणापुढेही काढू नका. मला ठाऊक असलेल्या दोन चोऱ्यांत माहिती बाहेर गेली ती गाडी धुणाऱ्या आणि हलवणाऱ्या ओळखीच्या लोकांकडूनच. समोरच्या आणि शेजारच्या घरी मात्र आवर्जून सांगून ठेवा की ही गाडी कोणीही ओढून नेताना दिसलं तर पहिला फोन तुम्हाला, मग ते गॅरेजचं नाव सांगोत की तुमचं.

यातूनही गाडी गेलीच तर आधी ट्रॅफिक पोलिस आणि मनपाकडे विचारा की बेवारस समजून उचलली तर नाही. गल्लीत कव्हरखाली टायर बसलेली गाडी तशी उचलली जाऊ शकते. तिथे नसेल तर ११२ ला फोन आणि त्याच दिवशी ठाण्यात तक्रार. आता हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये येतो. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा आणि दोन्ही चाव्या सांभाळा, त्या मागतात. तपास लागला नाही तर पोलिसांचा ए समरी अहवाल (गुन्हा खरा, पण चोर सापडला नाही असा) लागतो, त्याशिवाय दावा पुढे सरकत नाही. ट्रॅकरवर गाडी दिसत असेल तरी स्वतः मागे जाऊ नका, ठिकाण पोलिसांना द्या. पण वेळ दवडू नका. जुनी गाडी विकली जाण्यापेक्षा कापली जाण्याचीच भीती जास्त, आणि कापायला एक दिवस पुरतो.

तेव्हा आज गाडी आत घ्या, उद्या जॅमर आणा, आणि रविवारी रबरं बसवा. दुकानात रबर मागताना डावं-उजवं दोन्ही सांगून घ्या. त्यांचा आकार उलटसुलट असतो, आणि एकाच बाजूची दोन रबरं घेऊन परत आलेले मी पुष्कळ पाहिले आहेत.